संगणक-पाठ : उत्तर परत न करणारी कृती



शाळाभेटीच्या निमित्ताने पवनी तालुक्यातील एका शाळेत गेलो असता, जावा ही संगणकभाषा स्वतःच्या हौसेने शिकणारे एक तरुण शिक्षक भेटले. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब करणारी छोटी आज्ञावली त्यांनी लिहावयास घेतली होती. पण संगणक ती स्वीकारीना. 'मिसिंग रिटर्न स्टेटमेंट', म्हणजे 'परत करण्याचे विधान आढळत नाही', एवढेच तो पुनःपुन्हा सांगे. नवशिक्यांस हा अडथळा हमखास येतो, म्हणून त्याचा विचार येथे करू.

त्यांची कृती अशी होती. (जावाचे मूळ शब्द व अंक रोमन लिपीतच लिहावे लागतात, आपण दिलेली नावे मात्र देवनागरीत चालतात, ही सोय पुष्कळांस ठाऊक नसते.)

इंट तांदूळ(इंट इयत्ता) {
  इफ (इयत्ता >= १ && इयत्ता <= ५) रिटर्न १००;
  इफ (इयत्ता >= ६ && इयत्ता <= ८) रिटर्न १५०;
}

पहिली ते पाचवीस दररोज दर मुलामागे १०० ग्रॅम व सहावी ते आठवीस १५० ग्रॅम, हे प्रमाण आपणां सर्वांस पाठ आहे. मग चुकले कोठे? संगणक बोट दाखवितो ते शेवटच्या महिरपी कंसाकडे, आणि तेथे तर काहीच चुकलेले नसते. कृतीच्या नावापूर्वीचा 'इंट' हा शब्द म्हणजे 'मी पूर्णांक परत करीन' असे दिलेले वचन होय. ('व्हॉइड' लिहिले असता असे वचन नसते.) इयत्ता ९ आली तर दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि कृती काहीही न सांगता कंसापाशी पोचते. आज्ञावली चालविण्यापूर्वी तिची तपासणी करणारा कंपायलर ही मोकळी वाट पाहून अडवितो.

"पण साहेब, आठवीच्या पुढे आमची शाळाच नाही!" असे ते म्हणाले. खरे आहे, परंतु कंपायलर इफच्या अटींचा हिशेब करीत बसत नाही. 'गुण ३५ वा अधिक' आणि 'गुण ३५ हून कमी' अशा दोन स्वतंत्र इफ लिहिल्या, तरी तो हीच तक्रार करील. तेथे दुसऱ्या इफच्या जागी एल्स लिहिले की काम भागते. तांदळाच्या कृतीत मात्र एल्स नको. तो नववीसही १५० ग्रॅम देऊन मोकळा होईल.

त्या शिक्षकांनी शेवटी 'रिटर्न ०;' लिहिले. तक्रार थांबली. ही मलमपट्टी मला धोक्याची वाटली, म्हणून सहावीच्या जागी मुद्दाम ६६ टंकून पाहिले. वर्गात २० मुले धरली होती; त्यांचा ३ किलो तांदूळ हिशेबातून गेला आणि बेरीज निमूटपणे पडद्यावर आली! शून्य हेही एक उत्तरच असते, आणि ते येथे खोटे होते.

यास्तव कंसापूर्वी पुढील ओळ घालावी :

थ्रो न्यू इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन("इयत्ता तपासा");

ही ओळ उत्तर परत करीत नाही, पण कृतीस पुढेही जाऊ देत नाही. म्हणून कंपायलरचे समाधान होते, आणि चुकीची इयत्ता येताच आज्ञावली थांबून तसे सांगते.

सरावासाठी ०, १, ५, ६, ८ व ९ या इयत्ता क्रमाने घालून पहाव्यात. पहिल्या व शेवटच्या वेळी आज्ञावली थांबावयास हवी; न थांबल्यास अटींतील >= व <= ही चिन्हे पुन्हा तपासावीत.