रात्री भिजव, सकाळी गाळ

अगं, पैसे घालवायच्या आधी विचारलंस ते फार बरं केलंस. कोल्ड ब्रू म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेली कॉफी. तिच्यासाठी म्हणून जाळीच्या नळीवाल्या महागड्या बाटल्या विकायला असतात, त्यातली एकही घेऊ नको. झाकणाची काचेची बरणी, जुना मऊ सुती कपडा, मिक्सर आणि फ्रिज, एवढं घरात आहेच. बरणी लोणच्याची मात्र नको, तो वास कॉफीत उतरतो. पैसे घालायचे ते बियांवर.

आपल्याकडे साखरेबरोबर फेटतात ती इन्स्टंट कॉफी इथे कामाची नाही. ती पाण्यात पूर्ण विरघळते, मग रात्रभर भिजवून मिळवायचं काय? फिल्टर कॉफीची पाकिटं घेतानाही मागची बारीक अक्षरं वाच. चिकोरी मिसळलेल्या पुडीत कॉफी निदान 51 टक्के असावी, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरीसुद्धा चालते. चिकोरी हे एक भाजलेलं मूळ. ती पाण्याला काळा रंग पटकन देते आणि तुला वाटतं, वा, काय कडक झाली! शिवाय ती पूड इतकी बारीक असते की गाळताना कपडा बुजतो. तेव्हा बिनचिकोरीच्या अख्ख्या बियाच घे. चिकमगळूर किंवा कूर्गची अरेबिका, मध्यम भाजलेली. पुण्याला बिया भाजून समोर दळून देणारी दुकानं आहेत. आपल्या जेऊरहून पुण्याला गाडीनं कुणी ना कुणी जातच असतं, त्यांना पाव किलो अख्ख्या बिया आणायला सांग. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी पिकते बरं का, मेळघाटात चिखलदऱ्याला. कधी मिळाली तर सोडू नको.

दळताना घाई करू नको. मिक्सरच्या भांड्याला मसाल्याचा वास असतोच, म्हणून आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून काढून टाक आणि भांडं पुसून घे. मग बिया थांबत थांबत, एकेका झटक्यानं फिरव. जाड्या रव्यासारखी भरड झाली की थांब. बारीक झाली तर गाळ खाली बसत नाही आणि चव कडवट येते.

100 ग्रॅम भरडीला 800 मिली पाणी. बोअरचं पाणी नको गं, जड पाण्यात कॉफीची चव मरते. प्यायला जारचं आणता तेच वापर. भरड पूर्ण भिजेल अशी लाकडी चमच्यानं हलव, झाकण लाव आणि फ्रिजमध्ये ठेव. परदेशी कृतींमध्ये बरणी ओट्यावरच ठेवायला सांगतात, पण त्यांची खोली आणि आपला मे महिना यात फरक आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. ओट्यावर ठेवलेली कॉफी लवकर कडू होते आणि खराब व्हायचीही भीती असते. फ्रिजमध्ये सोळा ते अठरा तास दे. म्हणजे संध्याकाळी पाचला भिजवलीस तर दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तयार. मध्ये लाइट गेलीच तर फ्रिज उघडू नको, आतला गारवा बराच वेळ टिकतो.

आधी साध्या गाळणीतून, मग ओल्या दुहेरी कपड्यातून गाळ. आणि कपडा पिळू नको. पिळलास की सगळा बारीक चोथा खाली येतो. भरड पाणी धरून ठेवते, म्हणून सहाशे मिलीच्या आसपास अर्क हाती येईल. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेव आणि आठवड्याच्या आत संपव.

हा अर्क आहे, नुसता पिऊ नको. जेवढा अर्क तेवढंच गार पाणी किंवा दूध घाल. गार कॉफीत साखर लवकर विरघळत नाही, ग्लासच्या तळाशी बसून राहते. त्यापेक्षा काकवी घाल. उसाच्या मुलखात राहून कॉफीसाठी बाटलीतलं विकतचं सिरप कशाला आणायचं? दूध आणि काकवी दोन्ही गार असली की दूध फाटण्याची भीतीही फारशी राहत नाही. पिकलेलं केळं, दूध आणि थोडा अर्क असं मिक्सरमधून काढून बघ. उजनीच्या पाण्यावरची आपली केळी इतकी गोड आहेत की वेगळं गोड लागतच नाही.

आता नीट ऐक, हे मी काळजीपोटी सांगतेय. गार कॉफी कमी कडू, कमी आंबट लागते, कारण थंड पाणी बियांतला कडवटपणा कमी ओढतं. कॅफिन मात्र येतंच. वर सांगितलेल्या प्रमाणात 100 मिली अर्कात दीडशे मिलिग्रॅमच्या घरात कॅफिन असू शकतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं, गरोदर बाईनं 200च्या आत राहावं. कॅफिन निम्मं ओसरायलाच सुमारे पाच तास लागतात. परीक्षा आहे म्हणून रात्री दहाला ग्लास भरून बसलीस, तर तीनला पुस्तक मिटल्यावरही झोप येणार नाही आणि वाचलेलं डोक्यात राहणार नाही. दुपारी तीननंतर नको. उपाशीपोटीही नको. आणि तुझी लोहाची गोळी चालू आहे ना? कॉफीमुळे लोह अंगी कमी लागतं. गोळी आणि कॉफी यांत निदान दोन तास जाऊ देत. आईलाही हेच सांग, ती गोळी चहाबरोबर घेते.