खात्याचें कुलूप कां उघडत नाहीं ?

विद्यार्थीमित्रहो, गुलमंडीच्या पेठेंत ओळखीच्या दुकानदाराकडे तुम्ही गेलां, तर तो तुम्हांस नांव विचारीत नाहीं. "या, बसा, वडील बरे आहेत ना?" असें म्हणत तो उधारीची वही काढतो आणि तुमच्या घरचें पान उघडतो. तुमचा चेहरा हीच तेथें तुमची ओळख. परंतु हल्लीं आपल्या छत्रपति संभाजीनगरांतील पुष्कळ घरांत पुस्तकें, कपडे, औषधें, इतकेंच काय पण शाळेचे बूटसुद्धां मोबाईलवरून मागविले जातात. त्या दुकानास डोळे नाहींत. तेथील दुकानदार तुम्हांस कधीं पाहणार नाहीं. तेव्हां वहींतील तुमचें पान तुम्हांलाच दाखवावें, दुसऱ्या कोणास दाखवूं नये, हें त्यानें ठरवावें कसें ? ह्या एका प्रश्नाचें उत्तर नीट समजलें म्हणजे ऑनलाईन खरेदीचें खातें उघडत नाहीं तेव्हां काय करावें, हेंही आपोआप समजतें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचाच विचार करणार आहों.

प्रथम आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली हकीकत सांगतों. दिवाळी चार दिवसांवर आली होती. आजीला हिमरू शाल द्यावी असें घरांत ठरलें, आणि धाकट्या मुलीनें वडिलांच्या मोबाईलवर खातें उघडावयास घेतलें. परवलीचा शब्द चुकला. चार वेळां घातला, चारही वेळां चुकला. मग ओटीपी मागविला, तो येईना. पुन्हां मागविला, पुन्हां मागविला; अखेर कांहीं वेळ प्रवेश बंद केला आहे, अशी सूचना पडद्यावर आली. इतक्यांत थोरला भाऊ म्हणाला, "बाबा, मी त्यांच्या ग्राहकसेवेलाच विचारतों." त्यानें शोध करून जो क्रमांक सर्वांत आधीं दिसला त्यावर फोन लाविला. पलीकडचा मनुष्य फार गोड बोलला. त्यानें एक ॲप उतरवून घ्यावयास सांगितलें, मग आलेला सहा आंकडी ओटीपी विचारला, आणि मुलानें तो सांगितला. घटकाभरानें बँकेचा संदेश आला. दुसऱ्या सत्राच्या फीसाठीं ठेवलेली रक्कम खात्यांतून गेली होती. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाहीं.

पुढें शांतपणें पाहतां मूळ दोष अगदीं क्षुल्लक निघाला. खरेदीचें खातें ज्या मोबाईल क्रमांकावर काढलेलें होतें, तो क्रमांक वडिलांनीं सोडून वर्ष होऊन गेलें होतें. ओटीपी निघत होता, पण त्या जुन्या क्रमांकाकडे. कुलूप बिघडलें नव्हतें. किल्ली भलत्याच पत्त्यावर जात होती. दोषानें त्या घराचें कांहींच गेलें नाहीं. जें गेलें तें घाईनें गेलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी.

आतां कुलपाची रचना पाहूं. ओळख पटविण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, आपणांस ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे परवलीचा शब्द. दुसरा, आपल्या हातीं असलेली वस्तु, म्हणजे ज्या सिमकार्डावर ओटीपी येतो तें. तिसरा, आपलें शरीर, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा. परवलीचा शब्द सैन्यांत फार जुना आहे. रात्रीचा पहारेकरी आगंतुकास हटकी आणि ठरलेला शब्द सांगणारासच आंत सोडी. संगणकावर तो आणण्याचें श्रेय सामान्यतः फर्नांडो कॉर्बाटो यांस देतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकच संगणक अनेकांस एकदम वापरतां येईल अशी योजना केली, आणि प्रत्येकाचें काम झांकलेलें राहावें म्हणून प्रत्येकास एक शब्द दिला. पुढें त्याच यंत्रावर एकदां चुकीनें सर्वांचे परवलीचे शब्द येणाऱ्या प्रत्येकासमोर छापून येऊं लागले ! एकट्या शब्दावर विसंबून भागत नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे. म्हणूनच आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाईन व्यवहारांस आणखी एका पुराव्याची सक्ति केली, आणि ओटीपी घरोघरीं परिचयाचा झाला.

खातें उघडत नाहीं तेव्हां ह्या पुराव्यांपैकीं कोणता अडला आहे, हें क्रमानें पाहावें. वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं, तसेंच हें आहे.

पहिली गोष्ट, दार तेंच आहे काय ? संदेशांतून आलेल्या दुव्यावर बोट ठेवून जें पान उघडतें, तें हुबेहूब दुकानासारखें दिसलें तरी दुकान नव्हे. आपल्या मोबाईलवर अधिकृत ठिकाणाहून घेतलेलें ॲप उघडावें, किंवा दुकानाचा पत्ता स्वतः अक्षर न्‌ अक्षर लिहावा.

दुसरी गोष्ट, नांव तेंच आहे काय ? पुष्कळ दुकानें ईमेलवरूनही प्रवेश देतात व मोबाईल क्रमांकावरूनही. एखाद्यानें पूर्वीं ईमेलवर खातें काढलें असेल आणि आज मोबाईल क्रमांक घातला, तर कित्येकदां नवेंच कोरें खातें तयार होतें. मग जुन्या मागण्या दिसत नाहींत, आणि घरचीं माणसें "खातें चोरीस गेलें" म्हणून घाबरतात. वास्तविक वही जागेवरच असते. आपण पान दुसरें उघडलेलें असतें. जुन्या खरेदीच्या पावतीचा ईमेल कोणत्या पत्त्यावर आला होता तें शोधावें, म्हणजे खऱ्या खात्याचें नांव सांपडतें.

तिसरी गोष्ट अक्षरांची. इंग्रजी मोठें अक्षर व लहान अक्षर हीं यंत्रास भिन्न आहेत. शब्दाच्या शेवटीं चुकून पडलेली रिकामी जागाही त्यास एक अक्षरच वाटते. आमच्या मराठी घरांत एक निराळी चूक वारंवार होते. आईनें मामांना मराठींत संदेश लिहिलेला असतो आणि कळफलक मराठीच राहिलेला असतो. मग परवलीच्या शब्दांतील आंकडे देवनागरी पडतात. आपणांस देवनागरी पांच आणि इंग्रजी पांच यांचें मूल्य एकच. परंतु यंत्रास तीं दोन निरनिराळीं चिन्हें आहेत. लिहिलेला शब्द ठिपक्यांनीं झांकलेला असल्यामुळें चूक दिसत नाहीं. शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून, जवळ कोणी नाहीं असें पाहून, शब्द एकदां वाचून घ्यावा.

शब्द खरोखरच विसरला असेल, तर आठवण्याचा हट्ट धरूं नये. "परवलीचा शब्द विसरलों" ही सोय दुकानानेंच ठेवलेली असते. तिच्या साह्यानें नवा शब्द ठरवावा. तो लांब असावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०१७ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांतही लांबीस महत्त्व दिलें आहे, आणि कारणावांचून ठराविक मुदतीनें शब्द बदलावयास लावूं नये असें म्हटलें आहे. मात्र एका दाराचा शब्द दुसऱ्या दारास कदापि लावूं नये. एक किल्ली हरवली तर सारें घर उघडें पडतें.

चौथी गोष्ट थांबण्याची. पुनःपुन्हां चुकीचा शब्द घातला म्हणजे कोणी परका अंदाजानें दार उघडूं पाहत आहे, असें यंत्र समजतें व कांहीं काळ प्रवेश रोखतें. ही शिक्षा नव्हे, आपलेंच रक्षण आहे. ओटीपीचेंही तसेंच. तीन वेळां मागविला, तर तिन्ही उशिरानें एकदम येतात, आणि बहुधा त्यांतील शेवटचाच चालतो. पहिला घालणारा म्हणतो, "ओटीपी खोटा आहे." तेव्हां एकदांच मागवावा आणि दोन मिनिटें वाट पाहावी.

तो आलाच नाहीं, तर आधीं सिग्नल आहे काय व सिमची मुदत संपली आहे काय तें पाहावें. संदेश नकोशा संदेशांच्या कप्प्यांत गेला आहे काय, हेंही तपासावें. शेवटीं पडद्यावर दिसणारे क्रमांकाचे अखेरचे दोन-तीन आंकडे आपल्या चालू क्रमांकाचे आहेत काय, तें पाहावें. वर सांगितलेल्या घरीं एवढें एकच पाहिलें असतें, तर पुढचा अनर्थ टळता.

सोडून दिलेला क्रमांक कायमचा आपला राहत नाहीं. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणास देत नाहींत. त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊं शकतो, हें २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढील एका प्रकरणांतही स्पष्ट झालें होतें. म्हणजे आपल्या दाराची किल्ली एखाद्या अनोळखी परंतु निरपराध मनुष्याच्या खिशांत जाऊन पडते. यास्तव क्रमांक सोडण्यापूर्वीं, जुना चालू असतांनाच, प्रत्येक खात्यांत नवा घालावा. तो आधींच गेला असेल तर ईमेलच्या मार्गानें प्रवेश करावा. तोही नसेल तर ॲपमधीलच मदतीच्या पानावरून दुकानास कळवावें व जुन्या मागणीचे क्रमांक पुराव्यास ठेवावे.

कधीं दोष ओळखीचा नसून यंत्राचाच असतो. जुनें ॲप अद्ययावत्‌ करावें. ब्राऊझरनें सांठविलेल्या कुकी पुसून पाहाव्या. मोबाईलची तारीख व वेळ बरोबर आहे काय तें पाहावें, कारण घड्याळ फार चुकलें तर सुरक्षित जोडणीच होत नाहीं. दुसऱ्या मोबाईलवर खातें उघडलें, तर दोष पहिल्या मोबाईलांत आहे हें सिद्ध झालें.

दौलताबादची सहल तुमच्यापैकीं बहुतेकांनीं केलीच असेल. देवगिरीच्या त्या किल्ल्यास तटामागें तट, वांकडीतिकडी वाट, खोल खंदक आणि त्यापुढें ती प्रसिद्ध अंधारी आहे. एक दार चुकून उघडलें तरी दुसरें अडवील, हाच परवलीच्या शब्दामागें ओटीपी ठेवण्याचा हेतु. तरीही १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीपुढें रामदेवराव यादवांस नमावें लागलें. जुने इतिहासकार सांगतात कीं, वेढ्याच्या घाईंत गडावर जीं पोतीं धान्याचीं म्हणून नेलीं, तीं मिठाचीं निघालीं. कडा अभेद्य होता. पोतीं मात्र वेळेवर उघडून पाहिलीं नव्हतीं. आपल्या खात्यांतील दुसरा ईमेल आणि नोंदलेला क्रमांक हीं अशींच अडचणीच्या वेळेचीं पोतीं आहेत. वेढा पडण्यापूर्वीं तीं उघडून पाहावीं.

आतां भामट्यांविषयीं. खरा सेवक ओटीपी कधींही विचारीत नाहीं. ज्यास तुमचा ओटीपी हवा आहे, तो तुमच्या दारापाशीं उभा राहून तुमच्याकडूनच किल्ली मागत आहे. तुमचा मोबाईल दुरून पाहतां येईल असें ॲप घ्यावयास कोणी सांगितलें, तर संभाषण तेथेंच संपवावें. ग्राहकसेवेचा क्रमांक दुकानाच्या ॲपमध्यें पाहावा, शोधांत मिळालेल्या यादींत नव्हे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांस आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक सांठवितां येत नाहीं, हें खरें. तथापि खात्यांत पत्ता, शिल्लक पैसे, भेटकार्डें हीं असतातच. फसवणूक झालीच, तर लाज धरून गप्प बसूं नये. बँकेस कळवावें आणि १९३० ह्या क्रमांकावर तात्काळ तक्रार द्यावी. पैसा पुढच्या पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं तो अडवितां येतो. त्या घरीं "सकाळीं पाहूं" म्हणून रात्र जाऊं दिली, आणि तीच रात्र महागांत पडली.

दुकानच दाद देत नसेल, तर कायदा ग्राहकाच्या बाजूस आहे. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांन्वयें दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच द्यावी व महिन्याच्या आंत निवारण करावें, असें बंधन आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. घरांत खातें वडिलांच्या नांवानें असतें, पण तें चालवितात मुलें. तेव्हां मुलानें चूक केली तर ती त्यानें प्रथम आपल्याजवळ येऊन सांगावी, इतका धीर त्यास असूं द्यावा. रागाच्या भीतीनें लपविलेली घटका भामट्याच्या उपयोगीं पडते.

विद्यार्थीमित्रहो, ह्या रविवारीं आईवडिलांजवळ बसून एक काम करा. घरांतील प्रत्येक खात्यापुढें कोणता क्रमांक व कोणता ईमेल आहे, तें एका वहींत लिहा. परवलीचे शब्द मात्र तींत लिहूं नका. जुना क्रमांक दिसला कीं त्याच बैठकींत बदला. त्या घरच्या मुलानें अशी वही केली आहे. पुढें आजीची शाल त्यानें वडिलांसह पेठेंत जाऊन आणली, परंतु ती वही त्यानें आम्हांस दाखविली, तेव्हां तिच्या पहिल्या पानावर त्यानें मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें : "आधीं थांबणें, मग पाहणें, मग विचारणें." याहून अधिक आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं.