मधमाश्यांची निगा व त्यांचे अन्नपाणी

गेवराईचा मुलूख कोरडा. उत्तरेस गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, म्हणून काही गावांत ऊस व मोसंबी दृष्टीस पडतात. बाकीचे शिवार कापूस, बाजरी व तूर यांवरच निभावते. अशा मुलखात मधमाश्या पाळता येतील काय, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मनात येतो. पाळता येतील, परंतु ज्यास त्यांच्या अन्नपाण्याची बारमाही चिंता वाहावयाची नसेल त्याने या वाटेस जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती चिंता कशी वाहावी, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम माश्यांची ओळख करून घेऊ. आग्या माशी उंच झाडास किंवा खडकास एकच थोरले पोळे लावते. ती रागीट असून पेटीत राहत नाही. फुलोरी माशी झुडपात लहानसे पोळे करते. तीही पाळता येत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते, आणि म्हणूनच लाकडी पेटीत नांदते. तिला डोंगराळ, थंड प्रदेश अधिक मानवतो. आपल्याकडे तिला उन्हापासून विशेष जपावे लागते. चौथी युरोपातील मेलिफेरा. ती १९६२ च्या सुमारास हिमाचल प्रदेशात नगरोटा येथे यशस्वीपणे रुळली व तेथून देशभर पसरली.

पेटीची युक्ती अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नामक पाद्र्यास १८५१ साली सुचली. दोन पोळ्यांमध्ये साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच वाट असली तर माश्या ती बुजवीत नाहीत, हे त्याने ताडले. त्यामुळे पोळ्याची चौकट न मोडता उचलणे शक्य झाले. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी या शतकापूर्वीच, १९११ ते १९१७ या काळात, आपल्या लहान माशीस साजेशी पेटी तयार करून खेडुतांना शिकविली. महाराष्ट्रात या विद्येचे माहेरघर महाबळेश्वर होय. तेथे खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि जवळचे मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. पुण्यासही १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेटी आणण्यापूर्वी अशा ठिकाणी शिक्षण घ्यावे, हे उत्तम.

अन्न. मकरंदापासून माशीस शक्ती मिळते व परागापासून तिच्या पिलांचे पोषण होते. माघ-फाल्गुनात करडई, शेवगा, कांद्याचे बियाणे व मोसंबीचा आंबेबहार. चैत्रात कडुनिंब व करंज. श्रावण-भाद्रपदात तीळ, सूर्यफूल व कापूस. त्यानंतर बोर व तूर, असा आपल्याकडील फुलोऱ्याचा क्रम आहे. यात दोन खिंडारे पडतात: एक वैशाखाच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, व दुसरे झडीच्या दिवसांत. या काळात पोळे रिकामे असेल तर सातेरी सारा संसार टाकून उडून जाते. लोक म्हणतात, माशी रुसली. खरे पाहता ती उपाशी असते.

यास्तव पहिला नियम असा की, मध काढावा तो वरच्या मधकक्षातील, आणि तोही पोळ्यावर मेणाची टोपणे बसल्यावरच. खालच्या, पिलांच्या कक्षातील मधास हात लावू नये. ती त्यांची दुष्काळाची बेगमी आहे. तरीही अन्न अपुरे पडल्यास एक किलो साखर एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून, थंड करून, पेटीच्या आत पसरट भांड्यात ठेवावी. माश्या बुडू नयेत म्हणून वर काटक्या टाकाव्या. हे काम सायंकाळी करावे व थेंबही बाहेर सांडू देऊ नये. एरवी शेजारच्या पेटीतील माश्या लूट करावयास येतात. गूळ देऊ नये, त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारचा मधही देऊ नये, कारण त्यातून रोग येण्याचा संभव असतो.

पाणी व सावली. उन्हाळ्यात माश्या पाणी आणून, पंख हलवून पोळे गार राखतात. पेटीजवळ उथळ परळात खडे घालून रोज ताजे पाणी भरावे. पेटी कडुनिंबाच्या सावलीत ठेवावी व दुपारी तिच्यावर ओले पोते घालावे. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

रोग व शत्रू. फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी पेटी उघडून पाहावी, तळपाट झाडावा, काळी जुनी पोळी काढून टाकावी. मेणकिडा बहुधा दुबळ्या वसाहतीवरच चढतो. भरगच्च माश्या त्यास थारा देत नाहीत. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने १९९० नंतरच्या वर्षांत दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती बुडविल्या. या रोगात अळी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरते. त्यावर औषध नाही; रोगट पोळे नष्ट करावे व त्या पेटीतील चौकट दुसऱ्या पेटीत कदापि घालू नये.

सर्वांत मोठा शत्रू मात्र माणसाच्या हातची फवारणी. पीक फुलात असता शक्यतो फवारू नये. फवारणे भागच पडले तर सूर्यास्ताच्या सुमारास फवारावे व शेजारच्या पेटीवाल्यास आदल्या दिवशी कळवावे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होते. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारी माशी लागते. ती मेली तर गोंडे डोलतात, पण बी भरत नाही. ज्या शेतकऱ्याने तिला मारले, त्याचेच खळे रिते राहते.

विद्यार्थी मित्रहो, पेटी सर्वांस परवडेल असे नाही. परंतु अंगणात पाण्याचा परळ ठेवणे, मोहोळास दगड न मारणे, ते जाळू न देणे, आणि बांधावर एक करंज किंवा एक शेवगा लावून जगविणे, इतके प्रत्येकास साधेल. पालकांनी या कामी मुलांस साहाय्य करावे, अशी आमची विनंती आहे.