हार्डडिस्कचा हॅश आणि भाच्याचा सल्ला

प्रश्न : पुराव्यासोबत हॅश जोडायचा म्हणून ५०० जीबीच्या हार्डडिस्कचा एसएचए-२५६ काढला, तर आमच्या जुन्या संगणकाला चार तास लागले. पुसदला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणतो, प्रोग्राम असेंब्लीत हाताने लिहिला तर काम झटक्यात होईल. खरं का?
(एक वाचक, वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी सांगा, डिस्क कुठल्या पोर्टला लावली होती? यूएसबी २.० मधून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास डेटा येतो. ५०० जीबीला तेवढ्यानेच चार तास होतात. प्रोसेसर बराच वेळ नुसता बसून असणार. कापसाच्या गाड्या फाटकावरच अडकल्या असतील, तर जिनिंगचं यंत्र बदलून काय होणार?

पण भाचा अगदीच चुकीचा नाही. एसएचए-२५६ दर ६४ बाइटांवर ६४ फेऱ्या करतं आणि प्रत्येक फेरीत आठ आकडे हाताशी लागतात. जुन्या ३२-बिट इंटेल प्रोसेसरात वापरायला रजिस्टरं (आकडे ठेवायचे कप्पे) जेमतेम सात. मग उरलेले आकडे मेमरीत ठेवा, पुन्हा काढा. ही ने-आण कंपायलर ढोबळपणे करी, कसलेला माणूस मोजूनमापून. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतला अँडी पोल्याकोव्ह यांचा असेंब्ली कोड अशाच कसबाचा. गंमत म्हणजे तोही पर्ल स्क्रिप्टांमधून तयार होतो!

उलट उदाहरणही आहे. २००९ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट या आवृत्ती-नोंदणीच्या प्रोग्रामसाठी एसएचए-१ हे हॅशचं सूत्र साध्या सी भाषेत लिहिलं. रजिस्टरं कमी पडली की जीसीसी हा कंपायलर घोळ घालतो, म्हणून 'व्होलाटाइल' हा एक शब्द घालून त्याला मुकाट्याने मेमरीत लिहायला लावलं. ही मला कंपायलरशी लढण्यापेक्षा त्याचा कान धरण्याची रीत वाटते.

आता तर इंटेल, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांत एसएचए-२५६ च्या दोन फेऱ्या एका दमात करणारी सूचनाच आहे, आणि ती सी मधूनही वापरता येते. तुमच्या जुन्या यंत्रात ती बहुधा नसेल.

वेळ वाचवायला एमडी५ किंवा एसएचए-१ या जुन्या हॅशकडे मात्र वळू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात त्यांच्याही चौकटी आहेत, पण एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फायली दोन्हींत बनवून दाखवल्या गेल्या आहेत.

भाच्याला ओपनएसएसएलची 'स्पीड' चाचणी त्याच संगणकावर चालवायला सांगा. आकडा सेकंदाला ३५ एमबीच्या बराच वर आला, तर यूएसबी ३ चं पोर्ट असलेला संगणक शोधा.