जुन्या लॅपटॉपची सीडी चालत नाही? आधी दोष ओळखा, मग खर्च करा

नव्या लॅपटॉपमध्ये आता सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह बहुधा येतच नाही. परंतु आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचे जुने हिशोब, गिऱ्हाइकांचे नमुने आणि मशीनची सॉफ्टवेअर आजही सीडीवरच आहेत. त्यासाठी एखादा जुना लॅपटॉप दुकानात जपून ठेवलेला असतो. त्याचा ड्राइव्ह बिघडला की काम अडते.

एम्ब्रॉयडरी मशीनचे काम करणारे आमच्या परिचयाचे एक भाई असेच अडले. जुन्या गिऱ्हाइकाचे डिझाइन ज्या सीडीवर होते, ती सीडी लॅपटॉप वाचेना. दुरुस्तीवाल्याने न तपासताच ड्राइव्ह गेल्याचे सांगितले. भाईंनी नवा ड्राइव्ह बसवला, पण त्यातही ती सीडी चालली नाही. दोष सीडीतच होता. ती कित्येक वर्षे खिडकीपाशी उन्हात पडून होती. ड्राइव्हचे पैसे गेले आणि डिझाइन पुन्हा पंच करून घ्यावे लागले. दहा मिनिटांच्या तपासणीने पहिला खर्च वाचला असता आणि वेळीच काढलेल्या नकलेने दुसरा. म्हणून ही तपासणी क्रमाने कशी करावी ते आज पाहू.

१) आधी डिस्क तपासा

लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवून चालत नाही. मधल्या चकतीवर ‘टक’ असा आवाज येईपर्यंत हलक्या हाताने दाबून बसवावी लागते. डिस्क मळलेली असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. सीडीची माहिती छापील बाजूच्या लगेच खाली असते. त्यामुळे त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक ठरतो.

नंतर चार डिस्क लावून पाहाव्यात : कंपनीची एक सीडी, कंपनीची एक डीव्हीडी आणि घरी लिहिलेल्या तशाच दोन. एकच डिस्क चालत नसेल तर दोष डिस्कचा. सीडी चालतात पण डीव्हीडी चालत नाहीत, किंवा याच्या उलट होत असेल, तर दोष ड्राइव्हचा समजावा. कारण सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो, आणि त्यांपैकी एकच कमजोर होऊ शकतो. मात्र आपला ड्राइव्ह मुळात डीव्हीडीचा आहे ना, हे ट्रेवरील खूण पाहून ठरवावे. कंपनीच्या डिस्क चालतात आणि घरी लिहिलेल्या अडतात, असे असेल तर लेन्सवर धूळ असण्याचा किंवा लेझर थकल्याचा संशय घ्यावा.

२) ड्राइव्ह दिसतच नसेल तर

लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये जाऊन ड्राइव्हचे नाव दिसते का ते पाहावे. तेथे नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. सीडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर असे पुष्कळदा घडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळी खूण असेल तर तो ‘अनइन्स्टॉल’ करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विंडोज त्याला आपोआप नव्याने ओळखते.

बायोसमध्येही नाव नसेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर व बॅटरी काढावी. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये तळाचा एक स्क्रू काढला की ड्राइव्ह बाजूने सरकून बाहेर येतो. तो काढून पुन्हा घट्ट बसवावा. पुष्कळदा सैल झालेला जोड एवढ्यानेच जुळतो.

३) लेन्सची सफाई

ट्रे बाहेर काढून लॅपटॉप बंद करावा. ट्रेवरच छोटी काचेसारखी लेन्स दिसते. ट्रे उघडत नसेल तर बटणाजवळच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची क्लिप घालून दाबावी. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन लेन्स अगदी हलकेच पुसावी. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत हे ‘आयपीए’ या नावाने मिळते. लेन्स बारीक तारांवर तोललेली असते, म्हणून जोर लावू नये. वीज चालू असताना लेन्समध्ये डोळे लावून कधीही पाहू नये, लेझरने डोळ्याला इजा होते.

४) बदलायचाच झाला तर

तीन गोष्टी जुळवाव्यात : जोड आयडीई आहे की साटा, जाडी १२.७ मिलीमीटर आहे की ९.५, आणि ट्रेची पुढची पट्टी. यापेक्षा यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह आम्हाला अधिक फायद्याचा वाटतो, कारण तो नव्या लॅपटॉपलाही चालतो. जुन्या लॅपटॉपच्या एका यूएसबीमधून त्याला वीज अपुरी पडली तर दोन तोंडांची केबल लावावी. दुरुस्तीला देताना आपली चालणारी एक डिस्क सोबत न्यावी, तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि काढलेला जुना ड्राइव्ह परत मागून घ्यावा.

दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाइकाचे यंत्र ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. पाच मिनिटांच्या सफाईने भागत असेल तर नव्या ड्राइव्हचे बिल लावू नये. असे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि आणखी चौघांना घेऊन येते.

शेवटी मुख्य गोष्ट. ड्राइव्ह बाजारात पुन्हा मिळेल, सीडीवरचा हिशोब मिळणार नाही. ड्राइव्ह सुरू झाला की त्याच दिवशी सर्व सीडींची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी करावी : एक हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर. एका सीडीत साधारण ७०० एमबी मावतात. म्हणजे वीस सीडींचा माल १६ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये सहज बसतो. हे काम उद्यावर टाकू नये.