हंगामी वर्षे पेन्शनमध्ये धरली का?

प्रश्न : मी सप्टेंबर १९९८ मध्ये एका सहकारी साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागलो. सहा हंगामांनंतर कायम झालो आणि ऑगस्ट २०२४ अखेर ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. शेवटची पाच-सहा वर्षे पगार तीस हजारांच्या वर होता. पेन्शन मात्र ३,६४१ रुपये बसली. सव्वीस वर्षांच्या नोकरीला एवढीच? पुढे ती वाढते का? फंडाचे तेरा लाख गेल्या महिन्यात हातात आले. मुलगा म्हणतो, घराचा वरचा मजला बांधून घेऊ.
— द. पा., जि. सातारा

उत्तर : तुमचा पगार तीस हजार असला, तरी पेन्शनच्या हिशेबात तो पंधरा हजारच धरला जातो. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, तेही कमाल मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पूर्वी ६,५०० होती, त्यानंतर १५,००० झाली. सूत्र सोपे आहे : पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. तुमची २०१४ पूर्वीची १६ वर्षे ६,५०० ने धरली की १,४८६ रुपये येतात. नंतरची १० वर्षे १५,००० ने धरली की २,१४३. बेरीज ३,६२९. वीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना दोन वर्षे जादा मिळतात. ती धरल्यावर आकडा ३,८०० च्या वर जायलाच हवा.

तुमचा गेलेला नाही. म्हणजे कुठेतरी सेवा कमी धरली आहे, आणि माझा संशय त्या सहा हंगामांवर आहे. गाळप चार-पाच महिने चालते. उरलेले महिने कारखान्याच्या विवरणात 'एनसीपी', म्हणजे वर्गणी न भरलेले दिवस, म्हणून लागले की ते सेवेतून वजा होतात. वास्तविक योजनेतच तरतूद आहे की हंगामी कामगाराची वर्षातली प्रत्यक्ष सेवा कमी भरली तरी ते पूर्ण वर्ष धरायचे. २०१४ पूर्वीच्या प्रत्येक गळालेल्या वर्षामागे महिन्याला साधारण ९३ रुपये जातात, तेही आयुष्यभर. पेन्शन कार्यालयाकडून हिशेबाचा तक्ता लेखी मागा आणि त्यातली सेवेची वर्षे स्वतः मोजा. टाइम ऑफिसमधून त्या सहा वर्षांचे फॉर्म ३-ए आणि हंगामी नेमणुकीचा दाखला मिळवा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर असते, तिथेही अर्ज देता येतो. शे-दोनशेसाठी कोण हेलपाटे घालणार, असे म्हणून बरेच जण गप्प बसतात. कृपा करून तसे करू नका, तो तुमचा हक्क आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना वाईट वाटते. ही पेन्शन वाढत नाही. तिला महागाई भत्ता नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर बारा वर्षांनी, तुम्ही सत्तरीत असताना, त्या ३,८०० रुपयांत आजच्या साधारण १,९०० रुपयांएवढेच सामान येईल. तुमच्या माघारी पत्नीला मिळेल ती यातली निम्मी रक्कम. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावरच अडकली आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच ती किमान तीन हजार करावी, असे सुचवले होते. किमान पेन्शन वाढवली तर तिजोरीवर भार पडेल, ही अडचण खरी आहे. पण राबणाऱ्या माणसाचे म्हातारपण गोठलेल्या आकड्यावर सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात साठीच्या वरचे लोक २०२२ मध्ये साधारण १०.५ टक्के होते आणि २०५० मध्ये ते २०.८ टक्के होतील. साठीनंतर बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणजे त्या निम्म्या पेन्शनवर दिवस काढायची वेळ त्यांच्यावरच अधिक येते. पेन्शन ठरवणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवायला हवा.

पूर्ण पगारावरची वाढीव पेन्शन काही मित्रांना मिळाल्याचे तुमच्या कानावर आले असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर तशी संधी आली होती, पण प्रत्यक्ष पगारावर फंड भरला गेलेल्यांसाठी. पर्यायाची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली.

आता तेरा लाख. वरच्या मजल्याचे भाडे गावात किती येणार, हे मुलासोबत बसून खरेच मोजा. खेड्यात बांधलेली खोली पडेल त्या किमतीला विकताही येत नाही. माझे मत स्पष्ट आहे : हे पैसे विटा-सिमेंटमध्ये घालू नका. दहा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. व्याज ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला २०,५०० रुपये, आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही. तीन लाख दवाखान्यासाठी बँकेत ठेवा. पोस्टाचे खाते पत्नीसोबत संयुक्त उघडा, म्हणजे तुमच्या माघारी ते त्यांना पुढे चालू ठेवता येईल. तुमची साठी झालेली नसल्याने निवृत्तीचा दाखला लागेल, आणि फंड हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागेल. एक महिना गेलाच आहे, तेव्हा हे काम आधी करा.