बेटावरची सुट्टी आणि तीन खर्डे

प्रवासवर्णन हा प्रकार आपल्याला अभ्यासाला आहे. त्याची लक्षणं पाठ करून मार्क मिळतात, पण लिहायला बसलं की कळतं, अडचण कुठे आहे ते. माझी अडचण एका बेटावर झाली, म्हणून तेच उदाहरण घेते.

मागच्या मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण इंदूरहून गोव्याला गेलो होतो. पप्पा, मम्मी, धाकटा भाऊ, आजी आणि मी. त्यातला एक दिवस दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की काही मिनिटांत दिवाडी येतं.

पहिला खर्डा

घरी आल्यावर मी लिहिलं: निळंशार पाणी, हिरवीगार शेतं, वाऱ्यावर डोलणारे माड, मन प्रसन्न झालं. आमच्या मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: "हे कुठलं बेट?"

मी फोनमधले फोटो काढून पाहिले. मांडवीचं पाणी तिथे मातकट होतं. मे महिना असल्यामुळे शेतं कापणी होऊन सुकलेली. मग निळं आणि हिरवं आलं कुठून? जाहिरातींतून. मी बेट पाहिलं खरं, पण लिहिलं न पाहता.

पहिला धडा: विशेषण लिहिण्याआधी महिना आठवा.

दुसरा खर्डा

या वेळी जे दिसलं तेच लिहिलं. फेरीत आम्ही सुट्टीवर होतो, बाकीचे कामावर. शाळेची दप्तरं नव्हती, पण भाजीच्या पिशव्या, गॅसचं सिलेंडर, स्कूटरवर बसूनच पेपर वाचणारे काका होते. आमची गंमत ही त्यांची रोजची वाट. कोकण रेल्वे या बेटावरून जाते, पण बेटावर स्टेशन नाही. गाडी डोक्यावरून निघून जाते आणि माणसं फेरीची वाट बघतात.

सुकलेल्या शेतांचंही कळलं. ती खाजन जमीन. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, भरती-ओहोटी बघून आत-बाहेर सोडायचं. पावसाने मीठ धुऊन निघालं की कोरगुट नावाचा खारेपणा सोसणारा भात लावतात. बांध फुटला तर शेत गेलं. हे लिहिल्यावर मॅडम खूश झाल्या. मी मात्र झाले नाही, कारण एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती.

तिसरा खर्डा

पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. आजीने आत मेणबत्ती लावली. बाहेर एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं, की या बेटावर पूर्वी सप्तकोटेश्वराचं मंदिर होतं. कदंब राजांचं ते दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते पाडलं. आजीने लगेच विचारलं, "मग त्यांचा देव गेला कुठे?"

लिंग नदीपार, डिचोलीकडच्या नार्व्याला नेलं गेलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला. आजी म्हणाली, "चला, बघून येऊ." पप्पा म्हणाले, "सुट्टीत हे कशाला?" पण गेलो. दुसऱ्या फेरीने पलीकडे. मंदिरासमोर आजीने डोक्यावर पदर घेतला आणि गप्प उभी राहिली. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही, आम्हीही नाही.

मी कॅथलिक आहे. हा प्रसंग लिहिताना हात अडखळत होता. आपल्या अंकात फादर स्टीफन्सच्या 1616 च्या क्रिस्तपुराणाबद्दल मी अभिमानाने लिहिलं आहे. एका इंग्रज जेजुइटाने मराठीत ओव्या रचल्या, याचा आनंद आजही आहे. पण तो ग्रंथ आणि ते पाडलेलं देऊळ एकाच गोव्यातलं, एकाच राजवटीतलं. एक सांगायचं आणि दुसरं गाळायचं, तर ते प्रवासवर्णन नाही, घरच्या अल्बममधले निवडक फोटो.

विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' आपण आजही वाचतो, ते त्यांना दक्षिणा किती मिळाली यासाठी नाही. ज्यासाठी निघालो नव्हतो ते समोर आलं, आणि त्यांनी ते लिहिलं.

सराव

तुमच्या शेवटच्या सहलीवर तीन परिच्छेद लिहा. पहिल्यात फक्त डोळ्यांनी दिसलेलं, एकही विशेषण न वापरता. दुसऱ्यात तिथे रोज राहणाऱ्या माणसाचं एक काम. तिसऱ्यात तुमच्या घरातल्या कोणीतरी विचारलेला असा प्रश्न, ज्याचं उत्तर द्यायला तुम्हाला जड गेलं. तिसरा जमला नाही तर घरी जाऊन आजीला विचारा. तिला आठवत असतो.